ओरखडे राहू द्या, जोड बघा

भोसरीच्या टूलरूममध्ये उमेदीची वर्षं गेली, त्यामुळे जुनी गिटार बघायला जातानाही खिशात स्टीलपट्टी, फीलर गेज आणि छोटा आरसा असतो. पोकळ पोटाची जॅझ गिटार घेणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगतो: ओरखडे राहू द्या, जोड बघा.

गिब्सनच्या 1922 च्या एल-5 पासून हा घाट रुजला: व्हायोलिनसारखी कमानदार वरची पाटी, दोन एफ-छिद्रं, आणि तारांच्या दाबावर नुसती उभी असलेली घोडी. तो सगळा भार कमान पेलते. म्हणून घोडीखाली पाटी खचली आहे का, हे सर्वांत आधी पाहायचं. आरसा छिद्रातून आत घालून आतल्या पट्ट्या सुटल्यात का ते बघा. बोटाच्या पेरानं टकटक करताना कुठे खरखर आली तर तिथे काहीतरी उखडलंय. मग तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर दाबून मधल्या फ्रेटवरची फट मोजा. पाव मिलिमीटरच्या आसपास ठीक. बरीच जास्त असेल आणि नेकमध्ये बाक सरळ करणारी सळई नसेल (जुन्या गिटारींत अनेकदा नसते), तर परत फिरा.

एका विक्रेत्यानं पेटी उघडली तेव्हा आंबूस, कापरासारखा वास आला. पिकगार्डला बारीक तडे, कडांचा चुरा झालेला, शेजारच्या पिकअपवर हिरवट थर. "जुन्या मालाची खूण आहे साहेब," तो म्हणाला. सेल्युलॉइड सडू लागलं की त्याची आम्लधर्मी वाफ बंद पेटीत धातू खाते, तारा गंजवते. पिकगार्ड काढून वेगळा ठेवता येतो, त्यासाठी मी सौदा सोडला नसता. पण नेकच्या जोडात कुणीतरी एपॉक्सी ओतला होता, आणि मी तिथूनच निघालो. सरसानं बसवलेला जोड ऊब आणि ओलावा देऊन सोडवता येतो. एपॉक्सीनंतर लाकूड फुटतं.

नंतर घेतलेल्या गिटारीची पाठ मे महिन्यात मधल्या शिवणीवर उकलली. आमच्याकडे उन्हाळ्यात हवा कोरडी, पावसाळ्यात दमट. पन्नास टक्क्यांच्या आसपास आर्द्रता ठेवणं हाच उपाय. मिरजेतल्या एका तंतुवाद्य कारागिरानं ती शिवण सरसानं जोडून दिली. सतार-तंबोऱ्याच्या हातांना पोकळ लाकडाची भाषा कळते.

परदेशातून मागवणाऱ्यांनी ब्राझिलियन रोझवूडची चौकशी आधी करावी. 1992 पासून त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक निर्बंध आहेत. सोबत अमेरिकन अँप्लिफायर येत असेल तर तो 120 व्होल्टचा असतो. आपल्या 230 वर थेट लावू नका, आणि दोन पिनांचा असेल तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग करून घ्या.

पॉलिश उडालेलं, खालची कड घासलेली असेल तर खुशाल घ्या. नवं पॉलिश मात्र चढवू नका, आवाज आणि किंमत दोन्ही जातात. तारा बदलताना एकेकच काढा, नाहीतर घोडी जागची हलते.

अँप्लिफायरचा आवाज कमी ठेवून वाजवा. मोठा केला की पोकळ पोट घुमू लागतं. सूर चटकन विझतो, म्हणून भरभर स्वर पेरायला जागा मिळते. आणि गिटारवादक ब्रिजभूषण काबरांचा 1967 चा 'कॉल ऑफ द व्हॅली' हा अल्बम ऐका. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्या बरोबरीनं गिटार तिथे राग गाते.