न उघडलेले पाकीट

रेवदंडा,
कार्तिक वद्य पंचमी.

चि. बाळ यास आप्पाकाकाचे अनेक आशीर्वाद.

मोबाइलवर चार शब्द न धाडता तू चार पाने लिहिलीस, याचा आनंद झाला. सनदी लेखापालाच्या परीक्षेत तिसऱ्यांदा अपयश आले, चित्त उद्विग्न झाले, म्हणून मुंबईची खोली सोडून सहा-आठ महिने इथे वाडीत येऊन राहावे, समुद्र पाहावा, पुस्तके वाचावीत आणि कोणाशी फारसे बोलू नये, असा तुझा मनोदय पत्रभर पसरला आहे. आणि शेवटच्या पानाच्या कडेला, बारीक अक्षरांत, निकाल आईला अद्याप सांगितलेला नाही, एवढी एक ओळ आहे. बाकीचे पत्र मी एकदा वाचले. ती ओळ मात्र पुन्हा पुन्हा वाचली.

विसावा मागणाऱ्याला मी दोष देणार नाही. दर शनिवारी मांडव्याच्या धक्क्यावर लाँचा रिकाम्या होतात आणि अलिबाग, नागाव, चौल करीत माणसांचा लोंढा आमच्या किनाऱ्याला लागतो. गावातील काही मंडळी त्यांना नावे ठेवतात. मला तसे वाटत नाही. गेल्या रविवारी एक चाळिशीचे गृहस्थ कोर्लईच्या डोंगराकडे तोंड करून दोन तास ओल्या वाळूत बसून होते. ऊन कलले तसे ते उठले, मुलीच्या चपलांतील वाळू एकेक करून झटकली, तिचे पाय पुसले आणि गाडीकडे निघाले. सोमवारी आपल्याला कुठे हजर व्हायचे आहे हे त्यांना पक्के ठाऊक होते, आणि म्हणूनच ते दोन तास त्यांना लाभले. उलट रात्री दोन वाजेपर्यंत अंथरुणात मोबाइलवर बोट सरकवीत पडणाऱ्याला, तो घराबाहेर पाऊलही न टाकता, पळालेला म्हणावे लागते, कारण उद्याचा दिवस उजाडूच नये एवढीच त्याची इच्छा असते.

ही इच्छा मी ओळखतो. माझ्या विसाव्या वर्षी तुझे आजोबा अंथरुणाला खिळले होते आणि घरावर कर्ज होते. एके दिवशी पोस्टमनने कर्जफेडीच्या नोटिशीचे जाड पाकीट माझ्या हाती दिले. ते मी उघडले नाही, वडिलांना दाखवले नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या एका रहस्यकथेच्या पानांत घातले आणि आगरकोट किल्ल्यात सातखणी मनोऱ्याच्या सावलीला जाऊन ती कथा संपवली, मग दुसरी, मग तिसरी. पुस्तकांचा त्यात काडीमात्र अपराध नव्हता. दिवसभर श्रमलेल्या हजारो गिरणी कामगारांना आणि कारकुनांना त्या लेखकाने निखळ आनंद दिला आहे. अपराध माझा होता. मुदत टळून गेली, जप्तीचा हुकूम आला, आणि विहिरीपलीकडचा वाडीचा तुकडा हातचा गेला. पुढे कळले की त्या पाकिटात हप्ते बांधून देण्याची सवलत होती, फक्त मुदतीत अर्ज करावयाचा होता. वडिलांनी मला एका शब्दानेही विचारले नाही, आणि ते न विचारणे मी पन्नास वर्षे सोबत बाळगून आहे.

तू लिहितोस की समर्थ रामदाससुद्धा लग्नमंडपातून निघून गेलेच होते. गेले खरे; पण परंपरा सांगते त्याप्रमाणे टाकळीची बारा वर्षांची तपश्चर्या आणि त्यानंतरचे तितक्याच वर्षांचे देशाटन ज्याला पेलेल, त्याने तो दाखला द्यावा. तुझ्या स्थितीला अधिक जवळचा माणूस आपल्याच गावात आहे. शाळेच्या आवारात ज्याचे स्मारक उभे आहे, तो त्वेरचा रशियन व्यापारी अफानासी निकितीन 1469 च्या सुमारास चौल बंदरी उतरला, तो काही केवळ देशाटनाच्या हौसेने नव्हे. व्होल्गेच्या मुखाशी त्याचा माल लुटला गेला होता, परतावे तर देणी उभी होती, आणि ज्यांच्या डोक्यावर कर्ज होते ते वाट फुटेल तिकडे गेले, असे तो स्वतःच नमूद करतो. म्हणजे प्रारंभ पलायनाचाच. परंतु पुढे त्याने काय केले ते पाहा: जुन्नरच्या खानाने त्याचा घोडा जप्त केला, तीही हकिकत लिहिली, बिदरच्या बाजारात काय विकते आणि आपल्या देशात खपेल असे त्यात काही नाही, हेही लिहिले, धर्मग्रंथ लुटीत गेल्यामुळे सणवार आणि उपवासांचे दिवस चुकत आहेत, याचा खेद त्याने वारंवार प्रकट केला, आणि तरी अंदाजाने का होईना ते पाळण्याची धडपड सोडली नाही. अखेर तो ज्या दिशेने आला होता त्याच दिशेने, ती देणी जिथे होती तिकडेच परत निघाला आणि स्मोलेन्स्कच्या अलीकडे वाटेत मरण पावला. 1475 मध्ये त्याच्या वह्या मॉस्कोला पोचल्या. आपण कुठे आहोत, आपल्यापाशी काय उरले आहे आणि कोणाचे काय देणे आहे, याचा जमाखर्च त्या परक्या मुलखातही त्याने सोडला नाही. तू तर जमाखर्चाचेच शास्त्र शिकतो आहेस. तेव्हा हे मी अधिक उलगडून सांगत नाही.

वाडीविषयी मात्र तुझी समजूत वेगळी दिसते. इथे शांतता आहे, पण ती मोकळीक नव्हे. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळात आपल्या वाडीतील बहुतेक पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या, ते तू पाहिले आहेस. त्या पावसाळ्यात सत्तराव्या वर्षी मी पुन्हा रोपे लावली तेव्हा लोक हसले, कारण पोफळ फळाला यायला सहा-सात वर्षे लागतात. यंदा त्यांतल्या दोन झाडांना पहिली पोय दिसली आहे. पाऊस सरला आहे, आळी करून पाटाचे पाणी फिरवावयाचे आहे, विऱ्या गोळा करावयाच्या आहेत, आणि माझी कंबर आता वाकत नाही.

तेव्हा ये. माडीवरची खोली झाडून ठेवली आहे, टेबल खिडकीशी सरकवले आहे. सकाळी शिंपण, दुपारी अभ्यास, संध्याकाळी हवा तेवढा समुद्र. तीन महिने राहा, त्याहून अधिक नको; पुढच्या परीक्षेचा अर्ज भरण्याची तारीख मला कळव, म्हणजे भिंतीवरच्या कालनिर्णयावर खूण करून ठेवतो. येताना गुणपत्रिका आण, कोणत्या विषयात किती गुणांनी अडलास ते आपण दोघे बसून पाहू. आणि लाँचेत पाय ठेवण्यापूर्वी आईला सारे सांगून ये. शुक्रवारी रात्री वहिनींचा फोन येतो, त्या तुझी चौकशी करतात, आणि त्यांच्याशी मी खोटे बोलणार नाही.

तुझा,
आप्पाकाका