लाईट नाही, पण करंट आहे

“लाईटच नाही, तर मेन कशाला बंद करायचा?”

लातूरला गंजगोलाईच्या मागं एका जुन्या घरात, भर मे महिन्यात, अण्णांनी मला हे विचारलं तेव्हा ते स्टुलावर उभे होते. बोर्ड उघडलेला, हातात पेचकस. कूलर बंद, पंखे बंद. शेजारी मात्र टीव्ही जोरात चालू. वायरमनच्या धंद्यात हा प्रश्न मी लातूर-नांदेडच्या किती घरांत ऐकला असेल! अण्णांना खाली उतरवलं आणि सॉकेटला टेस्टर लावला. दोन्ही भोकांत पेटला. “डबल करंट आलाय,” अण्णा म्हणाले.

करंट डबल होत नसतो. न्यूट्रल तुटला होता. अशा वेळी फेज चालू बटणातून दिव्यात, पंख्याच्या वाइंडिंगमध्ये जातो, पलीकडं निघतो आणि परतीची वाट बंद म्हणून न्यूट्रलच्या तारेतच थांबतो. दिवा एकही लागत नाही, पण एरवी गरीब वाटणारी काळी तारही 230 व्होल्टचा झटका द्यायला तयार असते.

अण्णांच्या मेनजवळ दोन किटकॅट होते, एक फेजला, एक न्यूट्रलला. उडाला होता न्यूट्रलचा. न्यूट्रलमध्ये असा वेगळा फ्यूज घालू नये, हे 1956 च्या भारतीय विद्युत नियमांतच होतं; तरी जुन्या घरांत ही जोडी अजून भेटते. तुमच्याकडं असेल तर वायरमनकडून काढून घ्या आणि फेज-न्यूट्रल एकदम तोडणारा डबल पोलचा खटका बसवा. (किटकॅटमध्ये मिळेल ती जाड तार पिळून भरणाऱ्यांबद्दल मी बोलतच नाही.)

लाईट गेली की आधी शेजारी बघा. गल्लीच अंधारात असेल तर महावितरणला 1912 वर फोन. फक्त तुमचीच गेली असेल तर एमसीबी बघा. ट्रिप झालेला खटका कधी कधी मधेच अडकतो आणि वरच आहे असं वाटतं. पूर्ण खाली दाबून मग वर करा. लगेच पुन्हा पडला तर जबरदस्ती नको. सगळे प्लग काढा, खटका वर करा, मग एकेक वस्तू लावत जा. आपल्याकडं उन्हाळ्यात गुन्हेगार बहुधा कूलरचा पंप निघतो. काहीही न लावता खटका पडत असेल, तर दोष वायरिंगमध्ये आहे. तिथं तुमचं काम संपलं, वायरमनला बोलवा.

तो येईपर्यंत बोर्ड उघडू नका. मेन पाडला म्हणून निर्धास्त होणंही बरं नव्हे. नांदेडला एका घरी मेन पाडून पोरगं बोर्डात हात घालायला गेलं आणि मागं फेकलं गेलं. इन्व्हर्टर चालूच होता. नशिबानं वाचलं. टेस्टरवरही अर्धाच भरवसा ठेवा. आधी चालू सॉकेटमध्ये तो पेटतो का बघा. आतला निऑन गेला असेल तर तो जिवंत तारेलाही मेलेली म्हणेल.

याहून वाईट दुखणं म्हणजे डीपीकडचाच न्यूट्रल सुटणं. तुमच्याकडं दिवे एकदम लख्ख, शेजाऱ्याकडं मिणमिणते, असं दिसलं तर तेच समजा. तीन फेजच्या लाईनवर तेव्हा घरात 400 व्होल्टच्या आसपास दाब चढू शकतो. फ्रिज, टीव्ही, चार्जर, सगळं जळतं. आधी मेन पाडा, शेजाऱ्यांनाही पाडायला सांगा, फोन मग करा.