मेण कोणते, वात कोणती?

दिवाळी जवळ आली की बाजारात छोट्या वाट्यांतल्या मेणबत्त्या दिसू लागतात. दोन बोटे रुंद अशी ॲल्युमिनियमची वाटी, तीत मेण आणि मधोमध वात. शहरात यांना टी-लाइट म्हणतात. चहाची किटली गरम राहावी म्हणून तिच्याखाली त्या ठेवीत, त्यावरून हे नाव पडले.

आपल्या माकणीतल्या बचत गटांच्या बायाही अशा वाट्या घरी करू शकतात. काम अवघड नाही. पण मेण आणि वात नीट निवडली नाही, तर दिवा धूर ओकतो. कोनाडा काळा होतो. गिऱ्हाईक दुसऱ्यांदा येत नाही, आणि गटाची शिल्लक मेणात अडकून बसते. त्याहून वाईट म्हणजे वाटीने भडका घेतला, तर घराला आग लागू शकते. म्हणून हा धडा आम्ही लिहीत आहोत.

ज्योत कशी जळते?

मेणबत्तीत काय जळते? वात जळते, असे आपल्याला वाटते. पण वात थोडीच जळते. ज्योतीच्या उष्णतेने मेण पातळ होते. पातळ मेण वातीतून वर चढते. शेंड्याशी त्याची वाफ होते, आणि ती वाफ जळते. मेणबत्ती विझवल्याबरोबर पांढऱ्या धुराची रेघ निघते. त्या रेघेला लगेच काडी लावा. ज्योत त्या रेघेवरून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते.

मायकेल फॅरेडे नावाच्या शास्त्रज्ञाने लंडनमध्ये १८६०–६१ च्या हिवाळ्यात मुलांपुढे एका मेणबत्तीवर सहा व्याख्याने दिली. फॅरेडे लोहाराचा मुलगा. शाळा फार झाली नाही. पुस्तके बांधण्याच्या दुकानात तो उमेदवारी करी आणि बांधायला आलेली पुस्तके वाचून शिके. वाचता येऊ लागले म्हणजे माणूस कुठवर जातो, ते बघा.

काजळी का धरते?

वाफ जास्त आणि हवा कमी, असे झाले की वाफ पुरती जळत नाही. जळायचा राहिलेला कोळसा बारीक कण होऊन वर जातो. तीच काजळी. वात लांब किंवा जाड असली, की वाफ जास्त होते. वाऱ्याने ज्योत हलली, तरी असेच होते. म्हणजे काजळीचा दोष एकट्या मेणाचा नसतो. तो बहुतेक वेळा वातीचा असतो.

मेण कोणते?

बाजारात मिळते ते बहुतेक पॅराफिन मेण. ते खनिज तेलापासून काढतात. दुकानदाराला दोन गोष्टी विचारा. पहिली, मेण पूर्ण शुद्ध केलेले आहे का? कमी शुद्ध केलेल्या मेणात तेल उरते. तुकडा कोऱ्या कागदात गुंडाळून रात्रभर थंड जागी ठेवा. कागदावर तेलकट डाग पडला किंवा रॉकेलसारखा वास आला, तर ते घेऊ नका.

दुसरी गोष्ट, ते किती अंशांवर वितळते? आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांच्या वर जातो. फार मऊ मेण पेटीतच पाघळते. ५८ ते ६० अंशांवर वितळणारे मेण आपल्या हवेला बरे.

मधमाशांचे मेण ६२ ते ६४ अंशांवर वितळते. त्याला सुगंध असतो, पण ते महाग. ते घट्ट असल्याने त्याला थोडी जाड वात लागते. पोळे मिळाले, तर मध काढून उरलेले पोळे गरम पाण्यात वितळवा, फडक्यातून गाळा आणि निवू द्या. मेणाची चकती पाण्यावर तरंगते.

सोयाबीनचेही मेण असते. आपल्या शिवारात सोयाबीन पिकते, म्हणून कुणी विचारील, घाण्याचे तेल चालेल का? नाही. कारखान्यात तेलात हायड्रोजन वायू मिसळून ते घट्ट करतात. वनस्पती तूपही याच रीतीने होते. सोयाचे मेण चांगले जळते. मात्र त्याला काजळीच धरत नाही, असे कुणी सांगितले तर मानू नका. चुकीची वात घातली, तर तेही धुरकते.

वात कोणती?

देवापुढची फुलवात तुपात चालते. मेणाच्या वाटीत ती सैल पडते आणि टोकाला कोळशाचा गोळा धरते. मेणबत्तीला वेणीसारखी विणलेली सुती वात घ्या. अशी वात जळताना एका बाजूला वाकते. तिचे टोक ज्योतीबाहेरच्या हवेत येऊन जळून जाते. नायलॉनचा दोरा कधीही घालू नका.

पूर्वी वात ताठ राहावी म्हणून काही कारखानदार तीत शिशाची तार घालीत. शिसे विषारी आहे. अमेरिकेने २००३ साली अशा वातींवर बंदी घातली. वातीत तार दिसली आणि ती कसली ते कळले नाही, तर वात परत करा.

वात आधी पातळ मेणात बुडवून ताठ वाळवा. खाली पत्र्याची टिकली बसवा. टिकली नसली, तर शेवटी वात आडवी पडते आणि उरलेले मेण एकदम पेटू शकते.

आधी परीक्षा, मग माल

बारीक, मध्यम आणि जाड अशा तीन वाती आणा. एकेक वाटी करा. वात तांदळाच्या दाण्याएवढीच वर ठेवा. वारा नाही अशा जागी तिन्ही लावा आणि तासभर समोर बसून बघा.

वातीभोवती खड्डा पडला आणि कडेचे मेण तसेच राहिले, तर वात बारीक आहे. ज्योत उंच होऊन थरथरली आणि धूर निघाला, तर वात जाड आहे. मेण कडेपर्यंत वितळले आणि ज्योत शांत राहिली, तर वात बरोबर. मेण, वाटी, रंग किंवा वास बदलला, की परीक्षा पुन्हा घ्या.

मेण वितळवताना

मेणाचे भांडे थेट विस्तवावर ठेवू नका. पातेल्यात पाणी तापवा आणि त्यात मेणाचे भांडे ठेवा. पाणी १०० अंशांवर उकळते, त्यामुळे मेण त्याहून फार तापत नाही. खालचे पाणी आटू देऊ नका. लेकरे दूर ठेवा, पदर खोचून घ्या.

मेण पेटलेच, तर पाणी ओतू नका. पाण्याची क्षणात वाफ होऊन जळते मेण चोहीकडे उडते. विस्तव बंद करा आणि झाकण घाला.

हिशेब

एका वाटीत १५ ग्रॅम मेण धरा. १ किलो म्हणजे १००० ग्रॅम. ६६ वाट्या होतात आणि १० ग्रॅम उरते. मेण, वाट्या, वाती, टिकल्या आणि सरपण यांचा खर्च मांडा. त्याला ६६ ने भागा. मग त्यात आपली मजुरी धरा आणि भाव ठरवा.

महाबळेश्वरचे भावेश भाटिया यांची दृष्टी गेली. ते मुंबईच्या राष्ट्रीय अंध संघटनेत मेणबत्तीचे काम शिकले आणि १९९४ साली त्यांनी धंदा सुरू केला. पुढे त्यातून अनेक अंध स्त्रीपुरुषांना काम मिळाले. डोळे नसता हे झाले. आपल्याला तर डोळे आहेत, आणि आता अक्षरही आले आहे.

प्रश्न

१. मेणबत्तीत खरे काय जळते?
२. काजळी धरली, तर आधी काय तपासाल?
३. मेण पेटले, तर पाणी का ओतू नये?
४. २ किलो मेणात १५ ग्रॅमच्या किती वाट्या होतील? किती मेण उरेल?