पेन्शन घेणाऱ्याला आमदारकी लढवता येते का?

प्रश्न : सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झालो. गावात सिमेंट-लोखंडाचे दुकान आहे. तुमसरमधून विधानसभेला अपक्ष उभे राहायचे आहे. लोक म्हणतात, पेन्शन सोडावी लागेल, दुकानही बंद करावे लागेल. खरे आहे का?
– एक माजी सैनिक, बपेरा (ता. तुमसर)

उत्तर : सुभेदारसाहेब, नाही. पेन्शन म्हणजे लाभाचे पद नव्हे; ती खुशाल घेत राहा. सुधीर सावंत लष्करातूनच आले आणि 1991 मध्ये राजापूरचे खासदार झाले.

दुकानाचीही आडकाठी नाही. पाहायचे ते एवढेच, की राज्य सरकारला माल पुरवण्याचे कंत्राट तुमच्या नावावर चालू आहे का? असेल तर अर्ज बाद होऊ शकतो. माल पूर्ण दिला आणि नुसते बिल थकले (ते थकतेच!), तर अडचण नाही.

अपक्षाला मतदारसंघातलेच दहा सूचक लागतात. अनामत 10,000 रुपये. अनुसूचित जाती-जमातींसाठी 5,000. निवडणूक खर्चाचे वेगळे बँक खाते अर्जाच्या किमान एक दिवस आधी उघडा.

सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका, असे निवडणूक आयोगाने 2019 मध्ये पक्षांना बजावले होते. तेव्हा पोस्टरवर स्वतःचा गणवेशातला फोटोही टाळलेला बरा. आणि जुन्या कंत्राटाचे कागद असतील, तर अर्ज भरण्याआधी वकिलाला दाखवून घ्या.