कर्णबधिर बालकाची पहिली शाळा : घर

गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा हा वनव्याप्त तालुका. येथील घरांतून मराठी, माडिया, बंगाली, तेलुगू अशा विविध भाषा बोलल्या जातात. अंगणवाडीत येणारे बालक यांपैकी आपल्या घरची भाषा नकळत, केवळ ऐकून शिकलेले असते. परंतु एखाद्या बालकाच्या कानी यांपैकी कोणतीच भाषा पडत नसेल तर? असे बालक केवळ त्यामुळे बुद्धीने कमी ठरत नाही. त्याचे स्वरयंत्रही बहुधा निर्दोष असते. ऐकू न आल्याने त्याला बोलणे फुटत नाही, इतकेच. म्हणूनच ‘मूकबधिर’ हा जुना शब्द मागे पडून ‘कर्णबधिर’ हा शब्द रूढ झाला.

निदानास विलंब का होतो?

कर्णबधिर अर्भकही पहिले काही महिने इतरांप्रमाणेच हुंकार देते, हसते. भांडे पडले तर जमिनीच्या कंपाने दचकते. त्यामुळे घरच्यांची फसगत होते. पुढे ‘उशिरा बोलेल’ या समजुतीत मोलाची वर्षे निघून जातात. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात १५० बालकांचा अभ्यास करण्यात आला व तो १९९८ साली प्रसिद्ध झाला. ज्यांचे बहिरेपण सहा महिन्यांच्या आत ओळखले गेले, त्यांची भाषा उशिरा निदान झालेल्या बालकांपेक्षा स्पष्टपणे सरस असल्याचे त्यात आढळले. बालक वाणीने शिको वा खुणांनी, हा लाभ दोहोंतही दिसून आला.

एका मातेचे कार्य

अमेरिकेतील चित्रपट-अभिनेते स्पेन्सर ट्रेसी यांच्या पत्नी लुईझ यांचा पुत्र जॉन १९२४ साली जन्मला. तो सुमारे दहा महिन्यांचा असताना दार मोठ्याने आपटूनही झोपेतून जागा झाला नाही, तेव्हा त्याचे बहिरेपण त्यांच्या ध्यानी आले. त्यांनी त्यास घरीच शिकविले आणि १९४२ साली लॉस एंजेलिस येथे जॉनच्या नावाने केंद्र उघडले. तेथे मुलांइतकेच आईवडिलांना शिकविले जाई, तेही विनामूल्य. दूरच्या कुटुंबांसाठी टपालाने धडे पाठविण्यात येऊ लागले. तज्ज्ञ दूर असला तरी माता जवळ असते, हे त्यामागील सूत्र होते. दुर्गम तालुक्यांनी विशेष ध्यानात घ्यावे असेच हे सूत्र आहे.

ट्रेसी यांचा भर ओठवाचनावर व वाणीवर होता. आज संकेतभाषेलाही तितकेच मानाचे स्थान आहे. भारतीय संकेतभाषेच्या शब्दकोशात २०२१ सालापर्यंत १०,००० शब्द समाविष्ट झाले. खुणा शिकल्याने मूल बोलायचे राहते, ही भीती अनाठायी आहे.

घरातील धडे

या शिक्षणास महागडी साधने लागत नाहीत. बालकाच्या डोळ्यांसमोर, आपल्या चेहऱ्यावर उजेड पडेल असे बसावे. पाण्याचा पेला दाखवून ‘पाणी’ म्हणावे, खूण करावी आणि त्याच्या प्रतिसादाची वाट पाहावी. मोहफुले वेचताना टोपली भरली की रिकामी, हे दाखवावे. तेंदूच्या हंगामात पुडे बांधताना बोटांवर एक, दोन, तीन मोजावे. शब्द घरच्या भाषेतील असावा. माडिया वा बंगाली घराने त्यासाठी मराठीची वाट पाहू नये.

कौतुकाचे मोल

चार वर्षांचे मूल तीन पुडे मोजून तीन बोटे वर करते, तेव्हा आईला वाटणारा अभिमान वरवरचा नसतो. शेजारचे मूल त्या वयात गोष्ट सांगत असते, हे ती जाणते. तरीही कालच्यापेक्षा आज पुढे गेलेले पाऊल तिला दिसते. त्या आनंदातूनच उद्याचा धडा देण्याचे बळ तिला लाभते. अंगणवाडी सेविकेने तिला एक वही ठेवण्यास सुचवावे : तारीख, नवा शब्द वा खूण, आणि बालकाने ती कोठे वापरली. लिहिता न येणाऱ्या मातेसाठी सेविकेने नोंद करावी. तपासणीस येणाऱ्या तज्ज्ञालाही हीच वही उपयोगी पडते.

गावाची जबाबदारी

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्यात अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा तपासणी अभिप्रेत आहे. संशयित बालकास जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविता येते. २०२३ साली दिव्यांग बालकांसाठी अंगणवाडीची स्वतंत्र कार्यपद्धतीही जाहीर झाली. मात्र तपासणीच्या दिवशी बालक आईबरोबर रानात असेल, तर यातील काहीच त्याच्यापर्यंत पोहोचत नाही. तो दिवस आधी कळविणे आणि गैरहजर बालकाची पुन्हा तपासणी घडवून आणणे, ही कामे गावानेच करावयाची आहेत. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांच्या कल्याणासाठी खर्च करणे अपेक्षित आहे. प्रवासखर्च वा श्रवणयंत्राच्या बॅटरीची अडचण अशा वेळी गावाच्या ठरावाने दूर होऊ शकेल.

सहाव्या वर्षी शाळेत दाखल होणारे कर्णबधिर बालक कोणतीही भाषा न घेता येते की शेदोनशे खुणा आणि शब्द घेऊन येते, हे त्याआधीच्या वर्षांत ठरते. आई वही घेऊन दाराशी आली, तर शिक्षकाने वा सरपंचाने ती उघडून वाचावी, आणि बालकाला तीन बोटे वर करावयास सांगावे.