अवधानदोष असलेल्या मुलांची निद्रा व स्मरण

काल मुखोद्गत झालेला सातचा पाढा आज एखाद्या मुलास मुळीच आठवत नाही. तेच मूल वर्गात स्थिर बसत नाही, सांगितलेले अर्धवट ऐकते, पेन्सिल रोज हरवते. त्यास ‘द्वाड’ ठरविले की शिक्षक मोकळा होतो. वास्तविक अवधानदोष हा मेंदूच्या वाढीशी निगडित विकार आहे, आणि अशा मुलाच्या विस्मरणाचा काही भाग त्याच्या रात्रीत शोधावा लागतो.

शिकलेली गोष्ट तत्काळ पक्की होत नाही. गाढ निद्रेत मेंदूतील विद्युत्लहरी संथ व मोठ्या होतात. त्या अवस्थेत दिवसाचे संस्कार दृढ होतात. निरर्थक अक्षरे पाठ करून झोपणाऱ्यास ती जागे राहणाऱ्यापेक्षा अधिक आठवतात, हे जेंकिन्स व डॅलनबाक यांनी अमेरिकेत 1924 सालीच दाखविले होते.

जर्मनीतील कील येथील संशोधकांनी 2011 साली अवधानदोष असलेल्या व नसलेल्या मुलांस चित्रे दाखवून पुढे ती ओळखण्यास सांगितले. झोपेमुळे स्मरणास होणारा लाभ अवधानदोष असलेल्या मुलांत कमी आढळला. मात्र ठराविक क्रमाने बटणे दाबण्याचे हस्तकौशल्य झोपेनंतर याच प्रकारच्या मुलांत सुधारले. प्रयोगांतील मुले थोडी होती, हे खरे. तरी एकाच मुलाचा हात लक्षात ठेवतो आणि पाठांतर निसटते, हा भेद शिक्षकाने ध्यानी घेण्याजोगा आहे. अशा मुलाकडून कालचा पाठ सकाळी प्रथम पाच मिनिटे पुन्हा म्हणवून घ्यावा, मग प्रश्न विचारावा. पाढा मण्यांवर, टाळ्यांवर बसविता आल्यास उत्तम. शिक्षा म्हणून रात्री दहा वेळा लिहून आणावयास सांगणे तर सर्वथा त्याज्य, कारण त्याने निद्रेचाच वेळ कापला जातो.

सहा ते बारा वर्षांच्या मुलास नऊ ते बारा तास झोप हवी. चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय महाराष्ट्र शासनाने 2024 साली घेतला. परंतु मूल अकरापर्यंत मोबाईल पाहत जागत असेल तर त्या निर्णयाचा उपयोग किती?

उलट प्रकारही घडतो. घोरणारे, तोंडाने श्वास घेणारे मूल रात्री नीट झोपत नाही व दिवसा अवधानदोष असल्यासारखे वागते. पालकांस झोपेविषयी विचारून अशा मुलाचे नाव राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकास तपासणीच्या वेळी आवर्जून सांगावे. औषध चालू असलेल्या मुलास झोप येत नसेल, तर ते परस्पर बंद न करता डॉक्टरांस कळविण्यास पालकांस सुचवावे.