पेट्रोलचे काम करून आणलेली मोटारसायकल चालू होत नाही तेव्हा

ठाण्याहून भिवंडीकडे येताना काल्हेर, पूर्णा, राहनाळ, अंजूरफाटा या पट्ट्यात आता भातखाचरांपेक्षा गोदामांची पत्रेच जास्त दिसतात. तरी या गोदामांच्या मागे आणि तालुक्याच्या आतल्या गावांत भात, भेंडी, काकडी, वाल यांची शेती आणि म्हशींचा गोठा टिकून आहे. हा माल बाजारात नेणारे मुख्य वाहन म्हणजे मोटारसायकल. कॅरिअरला दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या किंवा मागे भाजीची पोती बांधून पहाटे निघायचे, हा रोजचा क्रम. तोडलेली भेंडी आणि काढलेले दूध गाडी दुरुस्त होईपर्यंत थांबत नाही. म्हणून गाडी चालू का होत नाही हे स्वतःला शोधता येणे हे पंपाचा फूटव्हॉल्व्ह साफ करता येण्याइतकेच गरजेचे आहे.

या लेखात एकाच प्रकारच्या अडचणीचा विचार केला आहे. टाकी गंजली म्हणून धुतली, कॉक बदलला, कार्ब्युरेटर उघडून साफ केला आणि त्यानंतर गाडी अजिबात चालू होईना. कालपर्यंत कुरकुरत का होईना, चालत होती. अशा वेळी बरेच जण प्लग बदलतात, मग कॉइल बदलतात, शेवटी इंजिन उघडण्याची भाषा सुरू होते. हा खर्च बहुतेक वेळा वाया जातो. काल चालणाऱ्या इंजिनाचा दाब एका रात्रीत जात नाही. दुरुस्तीत जिथे जिथे हात लागला तिथेच दोष असण्याचा संभव सर्वांत जास्त, हे धरून शोध सुरू करावा.

काम सुरू करण्यापूर्वी

गाडी उघड्यावर घ्यावी. गोठ्यात, पेंढ्याच्या उडवीजवळ किंवा गोदामाच्या शेडमध्ये हे काम करू नये. विडी, काडी, कंदील जवळ नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते आणि दूरच्या ठिणगीनेही पेटते. जवळ कोरडी माती किंवा रेतीची बादली ठेवावी. पेट्रोल काढण्यासाठी स्वच्छ, पारदर्शक बाटली घ्यावी.

एक खुलासा आधीच करणे जरूर आहे. १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले आणि नव्या गाड्यांत कार्ब्युरेटरची जागा बहुतांशी इंजेक्शन पद्धतीने घेतली. पुढील तपासणी कार्ब्युरेटरच्या गाड्यांसाठी आहे. १९८५ सालची सीडी १००, १९९४ मध्ये आलेली स्प्लेंडर आणि त्यांच्या नंतरच्या अनेक गाड्या आजही खेडोपाडी धावतात, त्या या प्रकारात मोडतात. इंजेक्शनच्या गाडीबद्दल शेवटी वेगळे लिहिले आहे, ते वाचल्याशिवाय तिची नळी काढू नये.

पेट्रोल कार्ब्युरेटरपर्यंत पोहोचते का?

कॉक चालू करून एक मिनिट थांबावे. कार्ब्युरेटर साफ करताना त्याची वाटी रिकामी झालेली असते, ती भरायला वेळ लागतो. कॉक उघडल्याबरोबर किका मारून पाय दुखवून घेण्यात अर्थ नाही. त्यानंतर कार्ब्युरेटरकडची नळी काढून तिचे टोक बाटलीत धरावे. पेट्रोलची अखंड धार यायला हवी.

धार सुरू होऊन हळूहळू बारीक होत गेली तर टाकीचे झाकण उघडावे. झाकण उघडताच धार वाढली तर झाकणातील हवेचे छिद्र बुजलेले आहे. टाकी धुताना निघालेला गंज किंवा रंगाचा थर त्यात बसतो. झाकण उघडूनही धार येत नसेल तर कॉकची जाळी, दुमडलेली नळी किंवा उलटा बसवलेला फिल्टर यांपैकी एक कारण असते. नळीत बसणाऱ्या छोट्या फिल्टरवर बाण असतो, तो कार्ब्युरेटरकडे असला पाहिजे. काही गाड्यांच्या कॉकमध्ये इंजिनाच्या ओढीवर उघडणारा पडदा असतो. अशा कॉकमधून इंजिन फिरल्याशिवाय पेट्रोल येतच नाही. त्याची बारीक नळी पुन्हा जोडायची राहिली तर पेट्रोल येत नाही आणि त्याच जागेतून इंजिनात फाजील हवाही शिरते.

आता बाटलीतील पेट्रोल पाच मिनिटे स्थिर ठेवून उजेडात पहावे. हा भाग विशेष काळजीने करावा, कारण आमच्या मते टाकी धुतल्यानंतरचा सर्वांत जास्त फसवणारा दोष इथेच असतो. पुष्कळदा टाकी साबणाच्या पाण्याने धुतली जाते आणि उन्हात पालथी घालून वाळवली जाते. वरून ती वाळलेली दिसते, पण जोडाच्या कडांत आणि चौकटीच्या दोन्ही बाजूंना उतरणाऱ्या भागांत पाणी राहते. कोकणातील पावसाळी हवेत तर ते अनेक दिवस सुकत नाही.

पूर्वी असे पाणी टाकीच्या तळाशी थेंबाथेंबांनी दिसे. आता पंपावर इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. वीस टक्के मिश्रणाच्या पेट्रोलची विक्री फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाली आणि नंतर देशभर पसरली. हे इथेनॉल आपल्याच ऊस, मका, तांदूळ यांपासून बनते, ही शेतकऱ्याला आनंदाची गोष्ट आहे, पण त्याचा स्वभाव ओळखून वागावे लागते. इथेनॉल थोडे पाणी आपल्यात सामावून घेते. पाणी मर्यादेपेक्षा जास्त झाले की इथेनॉल त्या पाण्यासह पेट्रोलपासून फुटून वेगळे होते आणि तळाशी बसते. बाटलीत दोन थर आणि मध्ये स्पष्ट रेघ दिसली तर समजावे की इंजिनाला जात आहे तो हा खालचा थर. त्यावर कितीही किका मारल्या तरी गाडी चालू होणार नाही. अशा वेळी टाकी पूर्ण रिकामी करावी. अर्धा लिटर ताजे पेट्रोल घालून टाकी सर्व बाजूंनी हलवून तेही काढून टाकावे. मग नवे पेट्रोल भरावे. फुटलेल्या पेट्रोलमध्ये नवे पेट्रोल ओतून काम भागवण्याचा प्रयत्न करू नये. रॉकेल मिसळण्याचा सल्ला कोणी दिला तर तो ऐकू नये.

जुन्या गाड्यांत आणखी एक गोष्ट घडते. नळी, कॉकचे वॉशर, फ्लोटच्या सुईचे टोक हे रबरी भाग इथेनॉलसाठी बनवलेले नसतील तर फुगतात किंवा चिकट होतात. दुरुस्तीच्या वेळी जुनेच रबर परत बसवले असेल तर ते एकदा तपासावे.

वाटीत पेट्रोल आहे का?

कार्ब्युरेटरच्या वाटीच्या तळाशी एक निचरा स्क्रू असतो. तो सैल करून थोडे पेट्रोल बाटलीत काढावे. नळीला धार आहे आणि इथे काहीच येत नाही, तर फ्लोटची सुई वरच अडकली आहे किंवा फ्लोट चुकीचा बसला आहे. वाटी उघडून फ्लोट बोटाने वरखाली करून पहावा, तो विनाअडथळा हलला पाहिजे.

याउलट ओव्हरफ्लोच्या नळीतून पेट्रोल गळत असेल तर सुई नीट बंद होत नाही. सुईखाली गंजाचा कण बसतो, किंवा फ्लोटला बारीक भोक पडून त्यात पेट्रोल शिरते. फ्लोट कानाशी हलवावा, आत पेट्रोल असेल तर आवाज येतो. अशी गळती असताना रात्रभर कॉक चालू राहिला असेल तर किक मारण्याआधी इंजिनाच्या ऑइलची काडी काढून पहावी. ऑइलची पातळी वाढलेली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल तर पेट्रोल सिलिंडरवाटे खाली उतरले आहे. पातळ झालेले ऑइल बेअरिंगचे रक्षण करीत नाही. प्रथम गळती बंद करावी, ऑइल बदलावे, मगच गाडी चालू करावी. दहा मिनिटांच्या घाईपायी संपूर्ण इंजिनाचे काम निघाल्याची उदाहरणे गॅरेजमध्ये नेहमी दिसतात.

प्लग काय सांगतो?

चोक लावून पाच-सहा किका माराव्यात आणि प्लग काढावा. प्लग कोरडा असेल तर पेट्रोल वाटीपर्यंत येऊनही इंजिनात जात नाही. प्लग ओला असेल तर पेट्रोल जाते, पण पेटत नाही.

कोरडा प्लग असल्यास छोट्या जेटकडे लक्ष द्यावे. चालू होण्याच्या वेळी आणि मंद गतीला याच जेटचे काम असते. त्याचे छिद्र केसासारखे बारीक असते, ते उजेडात धरून आरपार दिसले पाहिजे. जेट पितळेचा असतो, त्यात तार किंवा दाभण घालू नये, छिद्र मोठे झाले की तो जेट कायमचा निकामी होतो. कार्ब्युरेटर क्लीनर आणि पंक्चरवाल्याकडील हवेचा झोत पुरेसा आहे. जेटइतकेच कार्ब्युरेटरच्या अंगातील मार्गही साफ हवेत.

जोडणीतील चुका नेहमी त्याच त्याच असतात. थ्रॉटलची स्लाइड उलटी बसते. तिच्या खालच्या कडेला जो तिरका काप असतो तो एअर फिल्टरच्या बाजूला आला पाहिजे, आणि बाजूची खाच कार्ब्युरेटरमधील खिळीत बसली पाहिजे. सुईची क्लिप विसरली तर सुई खाली पडून राहते. मिश्रणाचा स्क्रू पूर्ण आवळलेला राहतो. तो हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्यावा आणि गाडीच्या पुस्तिकेत दिले असतील तितके फेरे मागे घ्यावा. बऱ्याच छोट्या गाड्यांत हे सुमारे दीड ते दोन फेरे असतात. कार्ब्युरेटर व इंजिन यांच्या मधली रबरी रिंग राहिली किंवा चेपली तर तिथून हवा शिरते, मिश्रण पातळ होते आणि प्लग कोरडाच राहतो.

प्लग ओला असल्यास चोक बंद करावा. कॉक बंद करून, प्लग पुसून परत बसवून, मूठ पूर्ण पिळून आठ-दहा किका माराव्यात. जादा पेट्रोल निघून जाते आणि पुष्कळदा गाडी इथेच चालू होते. न झाल्यास ठिणगी पहावी. त्यासाठी प्लग टोपीत घालून त्याचा धातूचा भाग इंजिनाच्या पंख्यांना टेकवावा, पण प्लगच्या भोकापासून दूर. आधी सांडलेले पेट्रोल पुसून, नळी जोडून, बाटली लांब ठेवून, वाफ जाऊ द्यावी. ही खबरदारी वेळ खाते म्हणून टाळू नये.

ठिणगी नसेल तरी कॉइल विकत आणण्याची घाई नको. अनेक गाड्यांत कॉइल टाकीच्या खालीच चौकटीला बसवलेली असते. टाकी काढताना तिचा चिमटा निसटतो, किंवा टाकी परत बसवताना एखादी वायर तिच्याखाली चेपते. टाकी उचलून हे पहावे. हॅण्डलवरील इंजिन बंद करण्याचे बटनही चालू स्थितीत आहे ना हे पहावे. ही गोष्ट लिहितानाही हसू येते, पण या एका बटनाने पुष्कळांची सकाळ वाया घालवली आहे.

इंजेक्शनची गाडी

इंजेक्शनच्या गाडीत पंप पेट्रोल सुमारे तीन बार दाबाने पाठवतो. तिची नळी सहज उपटली तर पेट्रोल डोळ्यांत व गरम इंजिनावर उडते. म्हणून बाटलीची परीक्षा इथे करू नये. चावी लावल्यावर टाकीतून दोन-तीन सेकंद पंपाची घरघर ऐकू येते का ते पहावे. आवाज नसेल तर फ्यूज, बॅटरी आणि टाकीखालील पंपाचा जोड तपासावा. टाकी काढताना हाच जोड सुटा केलेला असतो. आवाज येत असेल तर चावी तीन-चार वेळा चालू-बंद करावी, म्हणजे नळीतील हवा जाऊन दाब तयार होतो. मीटरवरील इंजिनाचा दिवा लुकलुकत असेल तर लुकलुकण्याची संख्या लिहून ठेवावी, तिच्यावरून मेकॅनिकला दोष लवकर कळतो. बाजूचा स्टॅण्ड खाली असता चालू न होणाऱ्या गाड्याही आता आहेत.

पेट्रोलवर चालणारा पॉवर वीडर किंवा चार स्ट्रोकचा छोटा पंप यांच्या कार्ब्युरेटरलाही वरील बहुतेक तपासणी लागू पडते. पाठीवरच्या दोन स्ट्रोक फवारणी पंपात मात्र पुष्कळदा फ्लोटऐवजी पातळ पडदा असतो. तो ताठर झाला की बदलावा, आणि हंगाम संपल्यावर टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवून ठेवावे.

गाडी चालू झाल्यावर ती लगेच किटल्या लादून रस्त्यावर काढू नये. दहा मिनिटे जागेवर चालू ठेवून नळीची दोन्ही टोके, कॉकचा जोड आणि निचरा स्क्रू कोरड्या बोटाने चाचपावेत. बोट ओले झाले तर क्लिप बदलून पुन्हा पहावे. दुसऱ्या दिवशी निघण्यापूर्वी निचरा स्क्रूतून चमचाभर पेट्रोल परत बाटलीत काढावे. टाकीच्या कडांत राहिलेले पाणी रात्रीतून खाली उतरलेले असते, ते यावेळी दिसते.